तबकडीशेजारी तबकडी : ‘ग्रामोफोन’ मासिकाची वाटचाल

कॉम्प्टन मॅकेन्झी हे ब्रिटनमधले नावाजलेले कादंबरीकार. १९२० नंतरची काही वर्षं ते चॅनल बेटांवर राहत होते. आधी हर्मवर आणि मग शेजारच्या, त्याहूनही चिमुकल्या जेथू बेटावर. तिथे मैफलींचं नाव नको. संगीत ऐकायचं तर बोटीनं येणाऱ्या तबकड्यांवर भिस्त. पण तबकड्या मागवायच्या तरी कशाच्या आधारावर? कंपन्यांच्या सूचिपत्रकांत नावागावापलीकडे फारसं काही नसे. कोणत्या तबकडीत मूळ रचनेची पानंच्या पानं गाळली आहेत आणि कोणती खरोखर घेण्याजोगी आहे, हे सांगणारं कुणी नव्हतं. वृत्तपत्रं पुस्तकांची परीक्षणं छापत, मैफलींची छापत. तबकडी मात्र दिवाणखान्यातल्या करमणुकीची वस्तू समजली जाई. ही उणीव भरून काढायला मॅकेन्झींनी एप्रिल १९२३ मध्ये ‘द ग्रामोफोन’ हे मासिक काढलं. लंडनची बाजू त्यांचे मेहुणे ख्रिस्तोफर स्टोन यांनी सांभाळली. हेच स्टोन १९२७ पासून बीबीसीवर तबकड्या वाजवत आणि त्यांच्याविषयी दोन शब्द बोलत. ब्रिटनमधले पहिले ‘डिस्क जॉकी’ म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

हे मासिक आजही निघतं. २०२३ मध्ये त्याला शंभर वर्षं झाली. इतक्या वर्षांत त्यानं ग्राहकांना सल्ले दिले, पारितोषिकं दिली, यंत्रांच्या चाचण्या घेतल्या. माझ्या लेखी त्याचं मोठं काम वेगळंच आहे. नव्या तबकडीविषयी बोलायचं ते जुन्या तबकड्या शेजारी ठेवूनच, ही शिस्त त्यानं लावली आणि शंभर वर्षं मोडू दिली नाही. ती शिस्त नेमकी कशी घडली हे व्हायोलिन कॉन्चेर्तोच्या वाटेनं गेलं की फार स्पष्ट दिसतं, म्हणून ही वाटचाल त्याच वाटेनं सांगतो.

एक व्हायोलिन आणि त्याच्यासमोर पूर्ण ऑर्केस्ट्रा, बहुधा तीन भाग, असा कॉन्चेर्तोचा घाट. आपल्याकडे एकच राग भीमसेनजींचा आणि अमीर खाँसाहेबांचा ऐकून रसिक रात्र-रात्र बोलत बसतात; पण तिथे मांडणीच मुळात निराळी असते, त्यामुळे फरक कानाला चटकन कळतो. कॉन्चेर्तोत प्रत्येक स्वर आधीच लिहून ठेवलेला आहे. दहा वादक तेच स्वर त्याच क्रमानं वाजवतात. मग उरतं काय? गजाचा दाब, दोन स्वरांमधली घसरण, कुठे थांबायचं आणि किती, ऑर्केस्ट्राला किती पुढे येऊ द्यायचं. हे पकडायला कान फार बारीक करावा लागतो आणि एकच तबकडी ऐकून तो होत नाही.

मासिक निघालं तेव्हा ध्वनिमुद्रण कर्ण्यातून होत असे. वादकानं कर्ण्याच्या तोंडाशी उभं राहायचं, मागे जेमतेम मावतील तेवढे साथीदार, आणि आवाजाच्या नुसत्या जोरावर सुई मेणात रेघ कोरणार. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटं मावत. पाऊण तासाचा कॉन्चेर्तो घ्यायचा तर दहा-बारा बाजू लागत, म्हणून कंपन्या सरळ कात्री चालवत. आपल्या लोकांना हे दुखणं ओळखीचं आहे. तासाभराचा ख्याल तीन मिनिटांत बसवणाऱ्या आपल्या गवयांनी ते सोसलं आहे. मासिकानं सुरुवातीपासून पूर्ण रचनांचा आग्रह धरला आणि नुसतं लिहून न थांबता १९२४ मध्ये ‘नॅशनल ग्रामोफोनिक सोसायटी’ काढली. वर्गणीदारांचे पैसे आधी गोळा करायचे आणि मोठ्या कंपन्या हात लावत नाहीत अशा रचना, विशेषतः चेंबर संगीत, न छाटता मुद्रित करायच्या, अशी ती योजना होती. पुढे जगप्रसिद्ध झालेले संचालक जॉन बार्बिरोली यांचं ऑर्केस्ट्रासह मुद्रण पहिल्यांदा झालं ते याच सोसायटीसाठी. हे काम काही वर्षंच चाललं, पण वाचकांनी पैसे घालून तबकडी काढायची ही कल्पना एचएमव्हीनंही पुढे उचलली.

यंत्राकडेही मासिकाचं तितकंच लक्ष होतं. सुई तबकडीवर कोणत्या कोनात टेकली म्हणजे खाचा कमी झिजतील याचं गणित पर्सी विल्सन यांनी १९२४ मध्ये याच मासिकात मांडलं. पोलादी सुई बरी की तंतूंची, यावर वाचक हिरिरीनं पत्रं लिहीत. कुणाला ही हौशी मंडळींची चूष वाटेल. मला ती संगीताच्याच चर्चेचा भाग वाटते, कारण व्हायोलिनचा वरचा स्वर कर्कश लागला तर दोष वादकाचा की सुईचा, हे ठरल्याशिवाय पुढचं बोलणंच खुंटतं.

१९२५ मध्ये मायक्रोफोन आला आणि विजेवर मुद्रण सुरू झालं. गंमत अशी की खुद्द मॅकेन्झींना ते मुळीच आवडलं नाही. व्हायोलिनांचा ताफा एकत्र वाजला की कानाला बोचतो, शब्दांतले सकार नको इतके फुत्कारतात, असं त्यांनी आपल्याच मासिकात ठणकावून लिहिलं. पुढे यंत्रं सुधारली, कान सरावले आणि त्यांचं मत पालटलं. पण आधीचं मत छापील राहिलं. मतं बदलत गेली आणि बदललेली सगळी जपली गेली, हा या मासिकाचा गुण इथूनच दिसू लागतो. विजेच्या मुद्रणानं कॉन्चेर्तोचं भाग्यच उजळलं. फ्रिट्झ क्राइस्लर यांनी बर्लिनमध्ये लिओ ब्लेख यांच्या संचालनाखाली १९२६ मध्ये बीथोव्हन आणि मेंडेल्सन, १९२७ मध्ये ब्राम्स असे तीन कॉन्चेर्तो मुद्रित केले. ऑर्केस्ट्रा ऑर्केस्ट्रासारखा ऐकू येऊ लागला. (त्या तबकड्या ज्या लाखेच्या मिश्रणातून दाबून काढत, ती लाख मुख्यतः आपल्याच देशातून, छोटा नागपूर-बंगालच्या बाजूनं जाई.)

आता एका रचनेजवळ जरा थांबतो, कारण ‘ग्रामोफोन’च्या पानांत ती पुन:पुन्हा येत राहते. एडवर्ड एल्गार यांचा व्हायोलिन कॉन्चेर्तो १० नोव्हेंबर १९१० रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये पहिल्यांदा वाजला. वादक क्राइस्लर, संचालक स्वतः एल्गार. क्राइस्लर यांच्याकडून तो मुद्रित करून घ्यायची एचएमव्हीच्या फ्रेड गायस्बर्ग यांची फार इच्छा होती. ते वर्षानुवर्षं मागे लागले, पण क्राइस्लर यांनी तो कधीच मुद्रित केला नाही. हे गायस्बर्ग म्हणजे १९०२ मध्ये कलकत्त्याला येऊन गौहर जान यांचं गाणं तबकडीवर उतरवणारे तेच. दरम्यान १९२९ मध्ये कोलंबिया कंपनीनं अल्बर्ट सॅमन्स यांच्याकडून हेन्री वुड यांच्या संचालनाखाली तो पूर्ण मुद्रित केला. सॅमन्स बहुतांशी स्वतःच शिकलेले इंग्लिश वादक. त्यांचं वादन ताठ कण्याचं, कुठेही न रेंगाळणारं.

गायस्बर्ग यांनी मग एका मुलाला गाठलं. येहुदी मेन्युहिन तेव्हा सोळा वर्षांचा होता आणि एल्गार पंचाहत्तरीचे. जुलै १९३२ मध्ये लंडनला आयव्हर न्यूटन यांच्या पियानोच्या साथीनं मुलानं रचना वाजवायला घेतली. थोडंसंच ऐकून एल्गार समाधान पावले, आता चिंता नाही म्हणाले आणि घोड्यांच्या शर्यतीला निघून गेले. हा किस्सा मेन्युहिन पुढे जन्मभर सांगत. १४ आणि १५ जुलैला अ‍ॅबी रोडच्या पहिल्या स्टुडिओत मुद्रण झालं. स्टुडिओ उघडून तेव्हा वर्षही झालं नव्हतं आणि त्याचं उद्‌घाटन एल्गार यांच्याच हातून झालेलं होतं.

त्या दोन दिवसांचं काम कसं चाललं असेल हे डोळ्यांसमोर आणून पाहावं. सहा तबकड्या, बारा बाजू. दर चार मिनिटांनी, संगीत ऐन भरात असलं तरी, ठरलेल्या स्वरावर थांबायचं. मेणाची चकती बदलायची. मग त्याच भावात, त्याच लयीत, त्याच जोरात पुढचा स्वर उचलायचा. एखादा स्वर हुकला तर तेवढाच दुरुस्त करण्याची सोय नाही, ती अख्खी बाजू पुन्हा. मेणावर उमटलेलं लगेच वाजवून पाहावं तर मेण खराब होणार. असं तुकड्या-तुकड्यांनी वाजवलेलं असूनही आज त्या बारा बाजू सांधून ऐकताना मंद दुसऱ्या भागात कुठे शिवण दिसत नाही. मेन्युहिनचा स्वर तिथे इतका ओला आणि निःशंक आहे की हा मुलगा सोळा वर्षांचा आहे हे आपण विसरून जातो. माझ्या मते हा भाग याहून चांगला नंतरही कुणी वाजवलेला नाही. शेवटच्या भागाविषयी मी असं म्हणणार नाही. तिथे सॅमन्स सरस आहेत.

हेच बघा. ‘मेन्युहिन की सॅमन्स’ हा वाद तेव्हा सुरू झाला तो अजून चालू आहे आणि तो चालू ठेवण्यात ‘ग्रामोफोन’चा वाटा मोठा आहे. सॅमन्स यांचं मुद्रण मेन्युहिनहून सहा-सात मिनिटं आधी संपतं. एका इंग्लिश वादकानं रचनेतला शोक आवरून धरला आणि परदेशातून आलेल्या मुलानं तो मोकळा सोडला. रचनाकारानं स्वतः संचालन केलं ते या दुसऱ्यासाठी. मग रचनाकाराची संमती हा अखेरचा पुरावा मानायचा का? एल्गार यांना दोन्ही वादक प्रिय होते, त्यामुळे त्यांची साक्षही निकाल लावत नाही. एका बाजूला एचएमव्ही, दुसऱ्या बाजूला कोलंबिया. १९३१ मध्ये या दोन कंपन्या मिळून ईएमआय झाली, तरी श्रोत्यांमधले दोन तट काही मिटले नाहीत.

परीक्षण लिहिण्याची जी पद्धत या मासिकात रुजली ती बाहेरून अगदी साधी दिसते. मजकुराच्या माथ्यावर किंवा पायथ्याशी बारीक अक्षरांत तुलनेच्या मुद्रणांची यादी: वादक, ऑर्केस्ट्रा, संचालक, तबकडीचा क्रमांक आणि कंसात दोन आकडे, मध्ये तिरकी रेघ. पहिला आकडा महिन्याचा, दुसरा वर्षाचा. त्या मुद्रणाचं परीक्षण कोणत्या अंकात आलं होतं ते सांगणारा. वाचकानं तो अंक कपाटातून काढायचा आणि तेव्हा काय लिहिलं होतं ते बघायचं. समीक्षकाला त्यामुळे हवेत बोलता येत नाही. ‘अप्रतिम’ म्हणायचं तर कशाच्या शेजारी अप्रतिम, हे सांगावं लागतं. चार वर्षांपूर्वी त्यानंच दुसऱ्या कुणाला अप्रतिम म्हटलं असेल तर तेही वाचकासमोर हजर असतं. पारितोषिकांच्या झगमगाटापेक्षा मला हा कंस मोलाचा वाटतो. आपल्याकडच्या संगीत समीक्षेत अशी सोय असती तर किती मैफलींची, किती तबकड्यांची चर्चा धाग्यानं जोडलेली राहिली असती, असं वाटल्यावाचून राहत नाही.

वाचकही एकटे बसून ऐकत नव्हते. गावोगावी ग्रामोफोन मंडळं होती. चर्चच्या नाहीतर वाचनालयाच्या खोलीत खुर्च्या मांडायच्या, कुणीतरी तबकड्या घेऊन यायचं, ऐकायचं आणि मग बोलायचं. १९३६ मध्ये या मंडळांचा देशव्यापी संघ झाला. पुढे युद्ध आलं, कागदावर नियंत्रण आलं, अंक रोडावले, पण मासिक बंद पडलं नाही.

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या वेगळ्या कोलंबिया कंपनीनं एलपी आणली. बारा इंची शास्त्रीय एलपींच्या मालिकेत अगदी पहिल्या क्रमांकाची तबकडी कोणती असावी? मेंडेल्सनचा व्हायोलिन कॉन्चेर्तो. वादक नेथन मिल्स्टाइन, संचालक ब्रूनो वॉल्टर. आता तो अख्खा कॉन्चेर्तो एकदाच तबकडी उलटून ऐकता येऊ लागला. ब्रिटनमध्ये एलपी आणली डेकानं, १९५० मध्ये. ईएमआय दोन वर्षं अडून राहिली आणि मग तिलाही यावं लागलं. चुंबकीय फीत आल्यावर हुकलेला स्वर कापून दुसरा जोडणं शक्य झालं. तेव्हापासून परीक्षणांत एक नवाच प्रश्न आला: हे वादन एका दमात झालेलं आहे की तुकडे जोडून? माझं मत विचाराल तर जोडकामाचा बाऊ करू नये. वाजवणाऱ्याच्या मनात अखंड आकार असेल तर तो जोडातूनही येतो आणि नसेल तर एका दमातही येत नाही.

मासिकाचा कारभार या काळात पोलार्ड कुटुंबाच्या हाती स्थिरावला होता. सेसिल पोलार्ड यांनी विस्कटलेले हिशेब मार्गी लावले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी लंडनच्या वायव्येला हॅरोमधल्या केंटन रोडवरून ते चालवलं. मॅकेन्झी १९६१ पर्यंत संपादकपदी होते. त्यांच्या पद्धतीचा प्रसारही झाला. १९५७ मध्ये बीबीसीवर जॉन लेड यांनी ‘रेकॉर्ड रिव्ह्यू’ सुरू केलं आणि त्यातलं एक सदर फार लोकप्रिय झालं: एक रचना घ्यायची, तिची उपलब्ध मुद्रणं एकामागून एक ऐकवायची आणि घरात ठेवण्याजोगं कोणतं ते कारणांसह सांगायचं. कागदावर जे कंसात होतं ते इथे प्रत्यक्ष कानावर पडू लागलं.

आता पुन्हा मेन्युहिनकडे. १९५२ मध्ये ते पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून भारतात आले. मुंबईत त्यांची पुण्याच्या योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी भेट झाली, हे महाराष्ट्राला चांगलं ठाऊक आहे. अय्यंगार गुरुजी त्यांच्याबरोबर युरोपात गेले. आपला सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षक अशा अर्थाची अक्षरं कोरलेलं घड्याळ मेन्युहिन यांनी त्यांना भेट दिलं. बालपणी आपसूक चालणारा गजाचा हात मोठेपणी मेन्युहिन यांना त्रास देऊ लागला होता. १९३२ ची तबकडी आणि १९६५ मध्ये एड्रियन बोल्ट यांच्याबरोबर त्यांनीच केलेलं एल्गार यांच्या त्याच कॉन्चेर्तोचं दुसरं मुद्रण लागोपाठ ऐकलं की तो सगळा प्रवास कानाला कळतो. दुसऱ्या मुद्रणात स्वर कमी स्थिर आहे, पण रचनेची जाण खोल गेलेली आहे. काही जण नुसत्या तांत्रिक उणिवा मोजून ते बाजूला सारतात; मला ते अन्यायाचं वाटतं.

१९६३ मध्ये मेन्युहिन यांनी इंग्लंडमध्ये मुलांसाठी संगीतशाळा काढली. सात वर्षांचा नायजेल केनेडी तिथे आला. १९८४ मध्ये त्यानं लंडन फिलहार्मोनिक आणि व्हर्नन हँडली यांच्यासह एल्गार यांचा कॉन्चेर्तो मुद्रित केला, तोही ईएमआयच्या स्वस्तातल्या मालिकेसाठी. ‘ग्रामोफोन’नं १९७७ मध्ये वार्षिक पारितोषिकं सुरू केली होती आणि १९८५ चं सर्वोत्तम ध्वनिमुद्रणाचं पारितोषिक या स्वस्त तबकडीला मिळालं. महागड्या मालिकांमधल्या मोठ्या नावांना डावलून परीक्षकांनी कानावर विश्वास ठेवला, ही त्या वेळची फार चांगली गोष्ट. आज ऐकताना केनेडी काही ठिकाणी जास्तच रेंगाळतो असं मला वाटतं. पण पहिल्या भागात व्हायोलिनचा प्रवेश होतो तिथे तो जी कुजबुज आणतो ती विसरता येत नाही.

ब्रिटनमध्ये सीडी आली १९८३ मध्ये आणि तिच्यासोबत जुन्या तबकड्यांचा पूर. सॅमन्स, क्राइस्लर, मेन्युहिन नव्या पिढीला दुकानात नव्यांच्या शेजारी मिळू लागले. समीक्षकाचं काम दुप्पट झालं. नव्या वादकाला आता समकालीनांशीच नव्हे, तर साठ वर्षांपूर्वीच्या माणसांशीही सामना द्यावा लागणार होता. त्याच सुमारास चर्चेचे विषयही पालटू लागले. सिबेलिउसनं आपला व्हायोलिन कॉन्चेर्तो १९०४ च्या पहिल्या प्रयोगानंतर मागे घेऊन नव्यानं लिहिला होता. ते मूळ रूप कुटुंबाच्या ताब्यात होतं. त्यांच्या परवानगीनं वादक लिओनिदास कावाकोस आणि संचालक ओस्मो व्हॅन्स्का यांनी दोन्ही रूपं एकाच सीडीवर मुद्रित केली. तिला १९९१ चं ‘ग्रामोफोन’चं कॉन्चेर्तो-पारितोषिक मिळालं. तुलना आता दोन वादकांची नव्हती; एकाच रचनाकाराच्या दोन मतांची होती.

बीथोव्हनच्या कॉन्चेर्तोवरचा वाद तर याहून रंगतदार. कडेन्झा म्हणजे ऑर्केस्ट्रा थांबतो आणि वादक एकट्यानं रचनेतल्या कल्पना फुलवतो ती जागा. या कॉन्चेर्तोसाठी बीथोव्हननं व्हायोलिनची कडेन्झा लिहून ठेवली नाही. बहुतेक जण व्हायोलिनवादक योआखिमची किंवा क्राइस्लरची वाजवत. गिडॉन क्रेमर यांनी १९८० मध्ये नेव्हिल मॅरिनर यांच्यासह केलेल्या मुद्रणात रचनाकार अल्फ्रेड श्निटके यांची कडेन्झा घेतली. तीत ब्राम्सपासून बार्टोक-बर्गपर्यंत नंतरच्या कॉन्चेर्तोंचे पडसाद येतात. बीथोव्हनच्या घरात पुढच्या दीडशे वर्षांची माणसं शिरलेली पाहून पुष्कळांना संताप आला. मला ती कडेन्झा आवडते; कॉन्चेर्तो नावाच्या घराण्याचा सगळा वंशवृक्ष ती एका जागी उभा करते. दुसरी वाट बीथोव्हननंच ठेवली होती. त्यानं हाच कॉन्चेर्तो पियानोसाठी रूपांतरित केला तेव्हा कडेन्झा लिहिली आणि तीत टिंपनी हे नगाऱ्यासारखं वाद्यही घातलं. वोल्फगांग श्नायडरहान यांनी ती व्हायोलिनवर आणली. इझाबेल फाउस्ट आणि क्लाउडिओ अब्बादो यांच्या बर्ग-बीथोव्हन सीडीतही (कॉन्चेर्तो-पारितोषिक, २०१२) कडेन्झात टिंपनी वाजते. पुढच्याच वर्षी सर्वोत्तम ध्वनिमुद्रणाचा मान पात्रित्सिया कोपाचिन्स्काया यांच्या बार्टोक, एओत्व्होश आणि लिगेती यांच्या कॉन्चेर्तोंना मिळाला आणि २०१७ मध्ये फाउस्ट यांच्या मोझार्टला. आधुनिक काळातल्या खडबडीत रचनांना सर्वांत वरचं पारितोषिक मिळावं, हे मासिकाच्या पहिल्या वाचकांना कल्पनेतही आलं नसतं.

‘ग्रामोफोन’ ब्रिटिश वादकांना आणि ब्रिटिश संगीताला झुकतं माप देतं, हा आरोप जुना आहे. त्यात तथ्य आहे. एल्गार यांच्या कॉन्चेर्तोला त्या पानांत जितकी जागा मिळाली तितकी दुसऱ्या देशात मिळाली नसती. पण २००८ मध्ये कॅनडाच्या जेम्स एनेस यांच्या एल्गारला कॉन्चेर्तो-पारितोषिक मिळालं आणि २०१० मध्ये ऑस्ट्रियाच्या थॉमस झेटमाइर यांच्या एल्गारला, तेव्हा निदान वादकांपुरता तो आरोप सैल झाला. झेटमाइर वाजवतात तो एल्गार इंग्लिश धुक्यातून बाहेर काढलेला आहे, कोरीव आणि अस्वस्थ. मार्क एल्डर यांचा हॅले ऑर्केस्ट्रा त्यांच्या पाठीशी नाही, समोरासमोर उभा आहे.

त्याच वर्षी टॅस्मिन लिटल यांचीही सीडी आली. लिटल मेन्युहिनच्याच शाळेतल्या. त्या सीडीच्या शेवटी एक छोटीशी जोड आहे, जिनं मला झेटमाइर यांच्या सीडीइतकंच गुंतवून ठेवलं. एल्गार यांनी तिसऱ्या भागातल्या कडेन्झात एक निराळीच गोष्ट केली आहे. ऑर्केस्ट्रा इथे गप्प होत नाही. तंतुवाद्यं बोटांच्या मऊ पेरांनी तारा छेडत राहतात, पावसाच्या सरीसारखा अस्पष्ट झंकार येतो आणि त्याच्यावर व्हायोलिन आधीचे सूर एकेक करून आठवतं. १९१६ मध्ये मेरी हॉल यांनी एल्गार यांच्या संचालनाखाली हा कॉन्चेर्तो भरपूर छाटून, चार बाजूंत मुद्रित केला तेव्हा कर्ण्याला तो झंकार ऐकूच येईना. एल्गार यांनी तिथे हार्प घातली. लिटल यांनी आपल्या सीडीत ती हार्पची कडेन्झा आधुनिक मायक्रोफोनसमोर वाजवली आहे. यंत्राच्या दुबळेपणामुळे रचनाकाराला सुचलेली ती तडजोड स्वतःच एक सुंदर गोष्ट निघाली.

१९९९ मध्ये पोलार्ड कुटुंबानं मासिक हेमार्केट या प्रकाशनसंस्थेला विकलं. २०१३ पासून ते मार्क अ‍ॅलन समूहाकडे आहे. दरम्यान सगळे जुने अंक डिजिटल झाले आणि कंसातला महिना-वर्षाचा आकडा शोधायला कपाट उघडण्याची गरज उरली नाही. तबकडीची जागा स्ट्रीमिंगनं घेतली. पण तिथे एक नुकसान आहे. ‘एल्गार, व्हायोलिन कॉन्चेर्तो’ असं शोधलं की शंभर मुद्रणं एका रांगेत येतात. कोणतं कधीचं, संचालक कोण, हे नीट लिहिलेलं नसतं. तक्रार साठवणुकीच्या तंत्राविषयी नाही, माहितीच्या बेपर्वाईविषयी आहे. अशा वेळी परीक्षणाखालची ती बारीक अक्षरांतली यादी पूर्वीपेक्षा जास्त लागते.

मुंबईत १९९० पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ हेच काम आपल्या संगीतासाठी करत आली आहे. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या तबकड्यांची श्रवणसत्रं भरवली, ‘द रेकॉर्ड न्यूज’ काढलं, कोणती तबकडी कधीची, लेबलवर काय, बाजूंचे क्रमांक काय, याची नोंद ठेवली. वृत्ती तीच. तिला संस्थांचं, विद्यापीठांचं पाठबळ मिळायला हवं होतं तेवढं मिळालेलं नाही.

एल्गारची रांग थांबलेली नाही. २०२० मध्ये निकोला बेनेडेटी यांचं मुद्रण आलं (पुन्हा मेन्युहिन शाळाच), २०२४ मध्ये विल्डे फ्रांग यांचं. कुणाला हे स्वतः करून पाहायचं असेल तर पूर्ण कॉन्चेर्तो सलग पाच वेळा ऐकण्याच्या भानगडीत पडू नये. तिसऱ्या भागातली कडेन्झाच घ्यावी, दहा-एक मिनिटांची. आधी सॅमन्स, मग मेन्युहिन १९३२, मग केनेडी १९८४, मग झेटमाइर, मग फ्रांग. प्रत्येकानंतर थोडं थांबावं आणि दोन ओळी तारीख घालून लिहून ठेवाव्यात. ऐकताना लक्ष व्हायोलिनवर न ठेवता खालच्या झंकारावर ठेवावं. सॅमन्सच्या मुद्रणात तो जवळजवळ खरखरीत बुडालेला आहे, मेन्युहिनच्या मुद्रणात नुसता जाणवतो आणि नव्या मुद्रणांत प्रत्येक तार वेगळी मोजता येते. तो नीट ऐकू आल्यावर व्हायोलिननं त्याच्याशी कसं वागायचं, हे प्रत्येक वादकानं वेगळं ठरवलेलं आहे.